पूररेषेतले घर : दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?

आषाढ लागला आणि खडकवासला धरण भरत आले, की दवाखान्यात सर्दी-खोकल्याबरोबर नदीचाही विषय निघतो. "डॉक्टर, भिडे पूल पाण्याखाली गेला म्हणे!" हे वाक्य प्रत्येक पावसाळ्यात ऐकू येते. ज्यांचे घर उंचावर आहे त्यांना त्यात कुतूहल असते. ज्यांचे घर नदीच्या किंवा ओढ्याच्या काठी आहे, त्यांची मात्र त्या दिवसापासून झोप उडते.

पूर येऊन गेल्यावर दोन प्रकारची मते कानावर येतात. "नदीच्या पात्रात घर घ्यायला सांगितले होते कोणी? आता भोगा," हे पहिले मत. "नशिबात होते ते झाले, पाण्यापुढे कोणाचे काय चालणार?" हे दुसरे. डॉक्टर या नात्याने मला ही दोन्ही मते निरुपयोगी वाटतात. पहिल्याने रुग्ण बरा होत नाही आणि दुसऱ्याने रोग टळत नाही.

आपण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. एखाद्याला मधुमेह वडिलांकडून आला. त्यात त्याचा काहीच दोष नाही. तरीही रोजची गोळी, पथ्य, चालणे आणि पायाची काळजी ही त्याचीच जबाबदारी. 'दोष' आणि 'जबाबदारी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष मागे पाहून ठरवायचा असतो, जबाबदारी पुढे पाहून घ्यायची असते. पूरग्रस्त भागातील राहणीकडे याच दृष्टीने पाहावे, एवढाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

पुण्याचा अनुभव काय सांगतो?

पूर म्हटला की पुण्यात आजही १९६१ चे नाव निघते. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पूर्ण न झालेले पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याची जुनी भिंतही गेली. शनिवार, नारायण, कसबा या नदीकाठच्या पेठांत आणि डेक्कन जिमखान्याच्या भागात पाणी शिरले. वाडे बसले, संसार वाहून गेले, आणि जे वाचले त्यांना कित्येक दिवस वीज आणि शुद्ध पाणी मिळाले नाही. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ही आपत्ती माणसाने बांधलेल्या धरणामुळे आली होती. काठावर राहणाऱ्यांचा त्यात काही अपराध नव्हता.

दुसरा मोठा अनुभव २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा. त्या रात्री नदीपेक्षा ओढ्यांनी घात केला. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबिल ओढा एरवी एखाद्या गटारासारखा दिसतो. पेशव्यांच्या काळात याच ओढ्याला बांध घालून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले होते, म्हणजे त्या काळी त्याला केवढे पाणी असेल याची कल्पना यावी. त्या रात्री काही तासांच्या पावसात ओढ्याने आपली जुनी रुंदी परत घेतली. सहकारनगर परिसरातील टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली, काही जण वाहनांसह वाहून गेले. शहर आणि परिसरात मिळून २० हून अधिक जीव गेले. त्याच रात्री इकडे बारामतीत कऱ्हा नदीच्या पुरामुळे काठावरच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली होती.

तिसरा अनुभव २५ जुलै २०२४ चा. खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी पहाटेच्या सुमारास सुमारे ३५,००० क्युसेकपर्यंत वाढले. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या इमारतींमध्ये पाणी शिरले आणि रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी लष्कराचे जवान बोलवावे लागले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाची वाडी येथे पाण्यातून आपली हातगाडी हलवू पाहणाऱ्या तीन तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.

क्युसेक हा शब्द आपण बातम्यांत वाचतो आणि पुढे जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. म्हणजे ३५,००० क्युसेक हे दर सेकंदाला सुमारे १० लाख लिटर झाले. आपल्या ओळखीच्या १० हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर दर सेकंदाला शंभर टँकर! खडकवासला धरण आकाराने लहान आहे. त्याची क्षमता दोन टीएमसीसुद्धा नाही. मात्र पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तिन्ही धरणांचे पाणी त्यातच येते. वरची धरणे भरलेली असताना पाऊस लागून राहिला, तर पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय धरणाच्या खाली शहरात पडणारा पाऊस नाल्यांतून नदीला मिळतो तो वेगळाच.

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे काय?

नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. ढोबळमानाने सांगायचे तर सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचेल ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचेल ती लाल रेषा. इथे बहुतेकांची फसगत होते. "शंभर वर्षांतून एकदा ना? मग आमच्या हयातीत काही येत नाही," असे सुशिक्षित माणसेही म्हणतात.

याचा खरा अर्थ असा, की निळ्या रेषेपर्यंत पूर येण्याची शक्यता दर वर्षी १०० मध्ये ४ असते. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. आता समजा, तुम्ही निळ्या रेषेच्या आत २० वर्षांच्या कर्जावर घर घेतले. त्या २० वर्षांत निदान एकदा तरी पूर दारात येण्याची शक्यता गणिताने १०० मध्ये ५६ येते. म्हणजे हप्ते फिटेपर्यंत पूर येण्याचीच शक्यता अधिक! लाल रेषेवरच्या घराला हीच शक्यता १०० मध्ये १८ आहे. एखाद्या शस्त्रक्रियेत १०० मध्ये १८ जणांना गुंतागुंत होते असे मी सांगितले, तर तुम्ही नक्की दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्याल. घराच्या बाबतीतही तेवढीच चौकशी करावी.

त्यात नदीपात्रात भराव पडला, नाले अरुंद झाले, डोंगरउतार सिमेंटने झाकले गेले, की जुने हिशेब चुकू लागतात. कमी पाण्यातही पूर वर चढतो. म्हणून "आमच्याकडे तीस वर्षांत कधी पाणी आले नाही" या भरवशावर राहू नये.

काठावर कोण राहते?

काठावर राहणाऱ्या सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. माझ्या पाहण्यात तीन प्रकारची माणसे आहेत.

पहिली, ज्यांना निवड नव्हती. धुणीभांडी करणारी बाई, हमाल, हातगाडीवाला यांना कामाच्या जवळ राहावे लागते, आणि शहरात त्यांना परवडणारी जागा ओढ्याकाठीच मिळते. २०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याच्या काठची घरे पाडण्यास सुरुवात झाली तेव्हा रहिवाशांनी जोरदार विरोध केला, आणि कारवाईला न्यायालयाची स्थगिती मिळाली. पुराचे भय त्यांना कळत नव्हते असे नाही. पण पूर कधीतरी येणार, आणि काम दूर गेले तर चूल उद्याच विझणार. अशा माणसाला "तिथे राहिलास का?" असे विचारणे म्हणजे उपाशी माणसाला सकस आहारावर व्याख्यान देण्यासारखे आहे.

दुसरी, ज्यांना कोणी सांगितलेच नाही. आयुष्याची पुंजी घालून त्यांनी सदनिका घेतली. 'नदीचे दृश्य' म्हणून जाहिरात झाली, पूररेषेचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. परवानग्या पाहून त्यांनी विश्वास ठेवला. इथे दोषाचा मोठा वाटा बांधणाऱ्याचा आणि परवानगी देणाऱ्याचा आहे.

तिसरी, ज्यांना ठाऊक होते, पर्यायही होता, तरीही "बघू पुढचे पुढे" म्हणून ज्यांनी घर घेतले. यांना मात्र थोडे ऐकवावे लागते.

परंतु वाचकहो, पाणी घरात शिरताना यांपैकी कोणाला दोष किती हे विचारत नाही. आणि एक चौथा प्रकारही आहे, ज्याचे नाव कोणी घेत नाही. तो उंचावर सुरक्षित राहतो. टेकडी फोडून झालेल्या इमारतीत त्याची सदनिका असते, अंगण फरशीने बंद केलेले असते, राडारोडा आणि कचऱ्याची पिशवी तो रात्री नाल्यात टाकतो. त्याच्या दारात कधीच पाणी येत नाही. ते खाली दुसऱ्याच्या घरात जाते. पुराची वैयक्तिक जबाबदारी म्हणताना हा माणूस सुटता कामा नये.

घर घेण्यापूर्वी किंवा भाड्याने घेताना

लग्न ठरवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. घरासाठीही करावी.

१) महापालिकेच्या विकास आराखड्यात आणि जलसंपदा विभागाच्या नकाशावर ती जागा पूररेषेच्या आत आहे का, हे लेखी पाहावे. दलालाच्या तोंडी खात्रीवर विसंबू नये.

२) आसपासच्या जुन्या रहिवाशांना, किराणा दुकानदाराला विचारावे, "पाणी कुठवर आले होते?" भिंतीवरचे ओलीचे पट्टे पाहावेत. शक्य तर भर पावसाळ्यात एकदा जागा पाहून यावी.

३) विजेचे मीटर, पाण्याची मोटर आणि जमिनीखालची टाकी कोणत्या पातळीवर आहे हे पाहावे. मीटर तळघरात असेल तर ते वर घेण्याचा आग्रह सोसायटीत धरावा.

४) घरात वृद्ध, अंथरुणाला खिळलेला रुग्ण किंवा डायलिसिसवरील व्यक्ती असेल, तर तळमजला टाळावा.

५) घराचा विमा उतरवावा. २०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले आहे. आपण गाडीचा विमा न चुकता भरतो आणि घराचा विसरतो.

पाणी येण्यापूर्वी : औषधांची पिशवी

ज्येष्ठात, पहिल्या पावसाआधीच, एक जाड प्लॅस्टिकची पिशवी भरून उंचावर टांगून ठेवावी. त्यात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, फिट्स, थायरॉइड यांपैकी जी रोजची औषधे असतील ती निदान १५ दिवसांची असावीत. औषधांच्या चिठ्ठ्या, अलीकडचे तपासणी अहवाल, आधार व शिधापत्रिकेच्या प्रती, चष्मा, कवळी, टॉर्च, जलसंजीवनीची पाकिटे, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर, जंतुनाशक मलम, पट्ट्या आणि थोडे रोख पैसे घालावेत. दर दोन महिन्यांनी जुनी औषधे वापरून नवी ठेवावीत.

पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे, माणसे सोने आणि कागदपत्रे घेऊन येतात, गोळ्या घरी राहतात. फिट्सची गोळी दोन-तीन दिवस चुकली की झटका येऊ शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम बंद झाल्या तर दाब उसळी मारतो. क्षयाचे औषध तर एक दिवसही चुकवू नये.

इन्शुलिनबद्दल लोक फार घाबरतात. फ्रीज बंद पडला म्हणून ते लगेच फेकू नये. वापरात असलेली कुपी सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. मातीच्या मोठ्या मडक्यात थोडे पाणी घालून त्यात दुसरे लहान कोरडे मडके ठेवावे आणि कुपी आतल्या मडक्यात ठेवून वर ओले फडके झाकावे. मात्र कुपी बर्फात ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

नववा महिना लागलेली स्त्री, ऑक्सिजनच्या यंत्रावरचा रुग्ण आणि डायलिसिसचा रुग्ण यांना पाणी दारात येण्याची वाट न पाहता, धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी येताच नातेवाइकांकडे हलवावे. रात्री दोन वाजता गळ्याइतक्या पाण्यातून स्ट्रेचर नेता येत नाही. "पाणी आले तर बघू" असे म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

पाणी आल्यावर

सर्वांत आधी विजेचा मुख्य खटका बंद करा, पण तुम्ही कोरड्यात उभे असाल तरच. पाय पाण्यात असतील तर मीटरला हात लावू नका, बाहेर पडा आणि वीज मंडळाला कळवा. पुलाची वाडीतील ते तीन तरुण आपली रोजीरोटी वाचवायला गेले होते, हे मला फार लागते. कोणतीही हातगाडी, मोटर, फ्रीज किंवा मोटारसायकल जिवापेक्षा महाग नाही, हे कोरड्या दिवशीच घरात सर्वांनी ठरवून ठेवावे. त्या क्षणी डोके चालत नाही.

तळघरात गाडी काढायला जाऊ नये. लिफ्ट वापरू नये. वाहते पाणी घोट्याच्या थोडे वर असले तरी माणसाचे पाय उचलते, आणि गुडघ्याच्या आसपासच्या पाण्यात मोटार तरंगू लागते. पुलावरून पाणी जात असेल तर "आपली गाडी जाईल की" हा हिशेब करू नये. पाण्याखाली पूल शिल्लक आहे की नाही हे दिसत नाही.

याच ओघात पावसाळी सहलींबद्दलही बोलतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. काठावर राहणे अनेकांच्या नशिबी असते, पण पूर पाहायला जाणे कोणाच्याच नशिबी नसते. ते केवळ आपल्या हातात असते.

मदतीसाठी ११२, अग्निशमन दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत.

पाणी ओसरल्यावर : रोगांची दिनदर्शिका

बहुतेकांना वाटते पाणी गेले, संकट टळले. डॉक्टरांचे काम मात्र तेव्हा सुरू होते. पुरानंतरचे आजार एकदम येत नाहीत, ठरावीक क्रमाने येतात. तो क्रम लक्षात ठेवला तर ताप आल्यावर कशाची शंका घ्यायची हे कळते.

पहिले तीन-चार दिवस जखमा, सर्पदंश आणि जुलाब यांचे असतात. चिखलात काच, खिळे, पत्रे असतात. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय साफसफाईला हात लावू नये. जखम झाल्यास ती साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. पाण्यातून आलेले साप कपाटात, अंथरुणात लपतात, म्हणून काठीने हलवूनच वस्तू उचलावी. साप चावल्यास कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. रुग्णाला धीर द्यावा, चावलेला भाग हलू देऊ नये आणि तडक सरकारी रुग्णालयात न्यावे.

जुलाबात खरा धोका शरीरातले पाणी कमी होण्याचा असतो. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा (दोन्हीसाठी चहाचा चमचा) विरघळवून घोट-घोट पाजावे. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर घरी थांबू नये.

पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या किरकोळ वाटतात, पण मधुमेही माणसाच्या पायात त्यातूनच जंतू शिरतात. पाय रोज धुऊन बोटांमधली जागा कोरडी करावी.

पाचव्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत लेप्टोचा काळ. हे जंतू उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि आपल्या पायावरच्या बारीकशा जखमेतून शरीरात जातात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तिथे लेप्टोची मोठी साथ आली होती. थंडी वाजून ताप, पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास "पावसात भिजल्याचा ताप" म्हणून अंगावर काढू नये. वेळीच औषध दिले तर हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसे निकामी करतो. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटावे. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देता येतात. मात्र गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना त्या चालत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नयेत. डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो" हे वाक्य आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने निदान सोपे होते.

दुसऱ्या आठवड्यापासून पुढे डेंग्यू आणि विषमज्वर. डेंग्यूचा डास घाण पाण्यापेक्षा साठलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे पुरानंतर भरून ठेवलेल्या पिंपांत, बादल्यांत वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करावीत. पुण्यात २०२४ मध्ये झिकाचे रुग्ण आढळले तेही याच डासामुळे. अशा तापात ॲस्पिरिन, ब्रुफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल तेवढी चालते.

महिना-दीड महिन्यानंतर काविळीचे रुग्ण येतात, तोपर्यंत पूर विसरलेला असतो. गरोदरपणी होणारी काविळ जिवावर बेतू शकते. नाकात रस सोडणे, हातावर डाग देणे असले प्रकार करण्यात दिवस घालवू नयेत.

या सर्वांवर एकच मोठा उपाय म्हणजे शुद्ध पाणी. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी गेले असेल तर ती पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये. तोवर पिण्याचे पाणी उकळी फुटल्यावर दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमची साथ आली आणि दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. तेव्हा तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा जंतू काही रुग्णांत आढळला होता. तेव्हा पूर आलेला नव्हता. पाण्यात घाण मिसळायला पूरच लागतो असे नाही, हे यावरून कळावे. भिजलेले धान्य, पीठ, मसाले आणि औषधे जिवावर येते तरी फेकून द्यावीत.

मनाची जखम

कपडे वाळतात, भिंती रंगवता येतात, मन मात्र उशिरा वाळते. पुरातून गेलेली माणसे पुढच्या पावसाळ्यात रात्रभर जागी राहतात. पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला की छातीत धडधडते, मुले अंथरूण ओले करतात, वृद्ध गप्प होतात. हा भित्रेपणा नव्हे. माणसाला बोलू द्यावे, मुलांना जवळ घेऊन झोपवावे, शाळा आणि कामाचा नित्यक्रम लवकर सुरू करावा. महिनाभरानंतरही झोप, भूक परत आली नाही, दारू वाढली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. त्यावर उपचार आहेत. आणि अशा माणसाला "तिथे राहिलासच कशाला?" हे ऐकवणे म्हणजे ओल्या जखमेवर मीठ चोळणे होय.

कोणाचे काय काम?

धरणाचा विसर्ग वाढवण्यापूर्वी वेळेवर सूचना देणे, नाल्यांची रुंदी राखणे, पूररेषेत परवानगी न देणे आणि गरिबांना कामाजवळ सुरक्षित घर देणे हे शासनाचे आणि महापालिकेचे काम. ते नागरिकांच्या गळ्यात मारता येणार नाही, आणि त्यासाठी मागणी करत राहणे हीसुद्धा आपली जबाबदारीच आहे. पण सूचना आल्यावर घर सोडणे, औषधांची पिशवी तयार ठेवणे, शेजारच्या एकट्या आजींना हाक मारणे, नाल्यात कचरा न टाकणे या गोष्टी कोणतेही सरकार आपल्या वतीने करू शकत नाही.

प्रत्येक गल्लीत, प्रत्येक सोसायटीत पावसाळ्यापूर्वी अर्ध्या तासाची एक बैठक घ्यावी. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोणाला उचलून न्यावे लागेल, वरच्या मजल्यावरची कोणती दोन घरे रात्री दार उघडतील, याची यादी करावी. त्याला पैसा लागत नाही. २०१९ ची रात्र असो वा २०२४ ची पहाट, पहिली हाक शेजाऱ्याचीच ऐकू येते, सरकारी बोट त्यानंतर येते.

या रविवारी एवढे करा : औषधांची पिशवी भरा, खटका कुठे आहे ते घरातल्या सर्वांना दाखवा, आणि शेजारी जाऊन विचारा, "रात्री पाणी आले तर तुम्हाला कोण उचलणार?" उत्तर "कोणी नाही" असे आले, तर यादीत पहिले नाव तेच लिहा.